सुभेदारांनी ढवळलेले चॉकलेट

निवृत्त सुभेदार आकाराम यांनी त्या दिवशी सकाळी ठरवले, की आज आपण सुनेला मदत करायची. निर्णय एवढाच होता. याहून मोठ्या निर्णयांतून जगात पुष्कळ आपत्ती ओढवल्या असतील. परंतु इतक्या निखळ सद्भावनेतून ओढवलेली आपत्ती विरळाच.

त्यांची सून राजनंदिनी चॉकलेटच्या वड्या करीत असे. इस्लामपूरपासून हाकेच्या अंतरावरचे ते गाव; रानात ऊस, दारात म्हैस आणि परसात खताची खोली. ही खोली तिने मागून घेतली, घासूनपुसून लख्ख केली, तीत एक फ्रिज आणि गॅसची शेगडी ठेवली आणि गडद चॉकलेटच्या लाद्या वितळवून त्यांत ती अशा गोष्टी घालू लागली, की शेजारच्या शालूबाईंनी हळहळत विचारले, "पोरीला घरात काय कमी पडतंय व्हय?" सांगलीची हळद आणि मिरी. बेदाणा आणि बडीशेप. काराळ्याची चटणी. कवठे महांकाळच्या माहेराहून आलेला भाजका हुरडा.

आकाराम प्रथम या उद्योगाकडे सैनिकी संशयाने पाहत. चॉकलेट ही पोरांचे रडे थांबवण्याची वस्तू, असे त्यांचे मत होते. मग एका दुपारी त्यांनी हुरड्याची वडी तोंडात टाकली. आधी कडवटपणा आला, मग दुधाळ गोडी आली, आणि ती विरते न विरते तोच जिभेच्या मुळाशी शेकोटीचा धूर दरवळला. सुभेदार ओट्याच्या पायरीवरून उठले आणि थेट खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ह्यात धूर कसा घातलास गं?" त्यांनी विचारले.

"घातला नाही, मामा. हुरड्यात होता, तो जाऊ दिला नाही."

त्या उत्तराने सासरा सुनेचा भक्त झाला. (भक्ताने देवाच्या गाभाऱ्यात लुडबूड करू नये, हा नियम मात्र त्यांना ठाऊक नव्हता. मागे त्यांनी प्रेमाने साचे धुऊन दिले होते. त्यांत पाण्याचे चार थेंब राहिले आणि आख्खे पातेले वाळूसारखे रवाळ झाले. तेव्हापासून त्यांना खोलीचा उंबरा बंद होता.)

पण तो दिवस वेगळा होता. साताऱ्याहून शंभूराज नावाचे गृहस्थ वड्या चाखायला येणार होते. महाबळेश्वरच्या रस्त्यावर त्यांचे मोठे दुकान होते. राजनंदिनीने नवऱ्याला, म्हणजे यशराजला, तो सुट्टी संपवून पलटणीत परतताना स्वतःहूनच सांगून ठेवले होते, की ऊस तुटेपर्यंत एकाही दुकानाने माल उचलला नाही, तर खोली परत खताच्या पोत्यांना द्यायची. ऊस निम्मा तुटला होता आणि दुकान एवढे एकच उरले होते.

पाच वड्या तयार होत्या. सहावी जवसाची व्हायची होती. त्यासाठी चॉकलेट गरम पाण्यावरच्या पातेल्यात वितळत होते. इतक्यात फोन आला. शंभूराज ठरल्या वेळेच्या बरेच आधी निघाले होते आणि रस्ता चुकून तिसऱ्याच गावच्या पारापाशी उभे होते. राजनंदिनीने गाडीची किल्ली उचलली आणि उंबऱ्याबाहेर घोटाळणाऱ्या सासऱ्यांना नाइलाजाने आत बोलावले.

"मामा, हे फक्त ढवळत राहा. हळूहळू. दुसरं काही करायचं नाही."

"तू जा बिनघोर. आमी हाय न्हवं."

हे वाक्य ऐकून ती क्षणभर उंबऱ्यात थबकली, असे पुढे तिने सांगितले. पण पाहुणा पारापाशी उभा होता.

ती निघण्याआधीच बनुबाईंनी, म्हणजे आकारामांच्या पत्नीने, आपले कर्तव्य उरकले होते. सुनेची चॉकलेटे चार गावांत गाजली, तिचा फोटो साऱ्यांच्या फोनवर फिरला. अशा पोरीला नजर लागल्याशिवाय राहील कशी? त्यांनी वाटीत खडेमीठ, मोहरी आणि सात सुक्या मिरच्या घेऊन गाडीवर बसायच्या बेतात असलेल्या राजनंदिनीची दृष्ट काढली. हे सारे विस्तवात पडेपर्यंत दृष्ट काढणारीने चकार शब्द बोलायचा नसतो. बोलले की उतरलेले सारे परत जागेवर जाते, अशी समजूत आहे. परसातली चूल विझलेली निघाली. गॅसवर दृष्ट जाळणे बनुबाईंना पटेना, कारण गॅसला त्या विस्तव मानीत नसत. म्हणून शालूबाईंकडून निखारे आणावेत, तोवर वाटी मांजराच्या तोंडी लागू नये, एवढ्यासाठी त्या चॉकलेटच्या खोलीत आल्या आणि वाटी शेगडीशेजारी ठेवून वळल्या.

"ह्ये काय आणलंस?" ढवळता ढवळता आकारामांनी विचारले.

बनुबाई गप्प.

अन्य कोणत्याही घरात नवऱ्याला दृष्ट ओळखू आली असती. परंतु या घरात गेले वर्षभर चॉकलेटच्या पातेल्याशेजारी मिरची ठेवलेली असणे ही नित्याची बाब झाली होती. शिवाय पत्नी बोलत नाही, याचा अर्थ ती रागावली आहे, हा सिद्धांत सुभेदारांनी दीर्घ संसारात अनेकदा पडताळून पाहिला होता. सकाळी त्यांनी कालवणाला नावे ठेवली होती.

"आगं, कालवणाचं सोड आता. राजनंदिनीनं दिलंय का ह्ये?"

बनुबाईंनी हात गोल फिरवून ओवाळल्याची खूण केली. ('ढवळायचं', आकारामांनी मनात नोंदवले.) मग शेगडीकडे बोट दाखवून जोरजोराने मान हलवली, गॅसवर नको, असे त्यांना सांगायचे होते. शेवटी बोटे उघडून काहीतरी आगीत फेकल्याचा अभिनय केला आणि लगबगीने निघून गेल्या.

"कळलं," आकाराम म्हणाले. "ह्यात टाकायचं."

येथून पुढे त्यांनी जे केले, ते काळजीपूर्वक केले, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. पलटणीच्या लंगरात त्यांनी पुष्कळ स्वयंपाक पाहिला होता. मिरच्या तव्यावर नुसत्या शेकल्या, मोहरी तडतडेपर्यंत परतली, आणि मीठ घालून सारे कोरड्या खलबत्त्यात बारीक कुटले. पाण्याचा थेंब कुठे नाही, हे दोनदा पाहिले. पातेल्यात घालून ढवळले, साच्यात ओतले, साचा फ्रिजमध्ये ठेवला आणि हात पुसत बाहेर येऊन मिशीला पीळ दिला.

अर्ध्या-पाऊण तासाने राजनंदिनी पाहुण्यांना घेऊन आली. शंभूराज देहाने ऐसपैस आणि बोलण्यात मोजके होते. दर वडीआधी ते कोमट पाण्याचा घोट घेत आणि भाकरीचा कोरडा तुकडा चावून जीभ मोकळी करीत. हळदीला त्यांनी मान डोलावली. काराळ्याला भुवई उचलली. हुरडा तोंडात गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि आकाराम एक पाऊल पुढे सरकले.

"ताई, हात तुमचा सोन्याचा आहे," डोळे उघडून शंभूराज म्हणाले. "हुरडा मी विसरणार नाही. पण माझं गिऱ्हाईक प्रवासातलं. चव बघतं, वा म्हणतं, गाडीत बसतं. मला अशी वडी पाहिजे, की घाट उतरलेला माणूस गाडी वळवून परत आला पाहिजे. एका हुरड्यावर मला वेगळं कपाट मांडता येणार नाही."

राजनंदिनी हसली. परंतु तिची नजर खोलीच्या भिंतींवरून एकदा फिरली, आणि तिथे रचलेली पोती तिला दिसू लागली असावीत.

"आजून एक हाय की," आकाराम म्हणाले.

"मामा, ती राहिली करायची."

"केली. तू दिलेलं समदं घालून केली."

"मी काय दिलं होतं?"

पण सुभेदार फ्रिजपाशी पोचलेही होते. त्याच वेळी, शालूबाईंची विझलेली चूल नव्याने पेटवून मिळवलेले निखारे तव्यात घेऊन, बनुबाई परसदाराने शिरल्या. त्यांनी शेगडीजवळची रिकामी वाटी पाहिली. खलबत्ता पाहिला. नवऱ्याच्या हातातली तपकिरी वडी पाहिली.

मौन मोडले.

"आवं, त्या वाटीतलं काय केलं तुमी?"

"तूच म्हणालीस न्हवं, टाका म्हणून."

"मी कवा बोलले? मला बोलायचं न्हवतं म्हणून तर—" बनुबाईंनी निखारे खाली ठेवले. "पोरीची दृष्ट हुती ती. पाव्हण्याला दृष्ट खायला घालताय?"

पाहुण्याने तोवर तुकडा तोंडात टाकला होता.

दृष्ट विस्तवात टाकल्यावर मिरचीचा ठसका लागला, तर नजर नव्हती असे समजायचे. ठसका लागलाच नाही, तर नजर भारी होती आणि ती जळून गेली, असे आपल्याकडे घरोघरी मानतात. विस्तवाऐवजी सातारकर वापरल्यास काय होते, याविषयी परंपरा मौन पाळते. तिघेही शंभूराजांच्या गळ्याकडे पाहू लागले.

शंभूराज चघळत होते. कपाळावर घाम आला. नाकपुड्या फुलल्या. त्यांनी गिळले आणि ठसका आला नाही.

"बघा," बनुबाई पुटपुटल्या. "लय नजर लागली हुती माझ्या पोरीला."

शंभूराजांनी दुसरा तुकडा उचलला. मग न विचारता तिसरा. राजनंदिनीने उरलेल्यातला एक कोपरा मोडून जिभेवर ठेवला. चॉकलेटच्या स्निग्धतेने मिरचीची धार बोथट केली होती. ती हळूहळू, मागून येत होती. मिठाने कडवटपणा खुलवला होता. आणि शेवटी, सारे संपले असे वाटत असताना, मोहरी नाकात चढत होती. तिने सासऱ्याकडे अशा नजरेने पाहिले, की तीत राग किती आणि आदर किती, हे त्यांना ठरवता येईना.

"ही कसली?" शंभूराजांनी विचारले.

काहीही सांगता आले असते. राजनंदिनीने वडी ताटलीत ठेवली.

"खरं सांगते, दादा. ही माझी नाही. आत्तींनी माझी दृष्ट काढली होती, मामांनी ती चुकून ह्यात घातली. तुम्हाला नको वाटलं तर मी समजू शकते."

पाहुणे तिच्याकडे पाहत राहिले, मग बनुबाईंकडे, मग रिकाम्या वाटीकडे.

"माझ्या आजीनं जन्मभर असल्या वाट्या चुलीत ओतल्या," ते सावकाश म्हणाले. "आणि आम्ही नुसते खोकत बसलो. ताई, हुरडा आणि ही, दोन्ही पाहिजेत. कपाट मांडतो मी. फक्त माझ्या मालात मीठ-मिरची कोरी घाला, कुणावरून ओवाळलेली नको."

खोली राहिली. शंभूराजांची गाडी वळणाआड गेल्यावर राजनंदिनी आत आली, रिकाम्या पातेल्यावरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. बनुबाईंनी तिच्या गालांवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. या सुंदर दृश्याकडे आकाराम थोडा वेळ पाहत राहिले. आपला उल्लेख कोणी करीत नाही, हे त्यांच्या लक्षात आले.

"मी काय म्हंतो," त्यांनी घसा खाकरला. "आता ही गोष्ट गावात जानारच. चाकलेट कुणी काढलं, तर आकारामनं काढलं, असं हुणार. लोकांची नजर वाईट असती. तवा, निखारे हायतच, तर माझीबी एकदा काढून टाक की."

बनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मग काहीही न बोलता (या वेळी त्यात राग नव्हता) मीठ, मोहरी आणि मिरच्या मुठीत घेतल्या. सुभेदार मिशीला पीळ देऊन, सलामी घ्यायला उभे राहावे तसे, ताठ उभे राहिले. बनुबाईंनी मनोभावे ओवाळले आणि मूठ निखाऱ्यांवर सोडली.

पहिला ठसका राजनंदिनीला लागला. ती तोंडावर पदर धरून अंगणात पळाली. दुसरा खुद्द सुभेदारांना लागला आणि तो थांबेचना. गोठ्यातली म्हैस खोकू लागली. कुंपणापलीकडून शालूबाईंनी खोकत खोकत विचारले, "काय पेटलं गं, बनुबाई?"

बनुबाईंनी डोळे पुसले आणि धुरात वाकून खोकणाऱ्या नवऱ्याची पाठ मायेने थोपटली.

"काय न्हाई, शालूबाई. ह्यांची दृष्ट काढली," त्या म्हणाल्या. "ह्यांच्याकडं कुणी बघितलंबी न्हाई."