कवडीची ओळखपरेड

जाईबाईची कवडी सव्वा महिना लीलाबाईच्या घरी राहून परत आली आणि अर्ध्या तासात तिचा तुरा रक्तानं भरला. टोचणाऱ्या कोणी परक्या नव्हत्या. तिच्याच खुराड्यातल्या सहाजणी होत्या.

व्यवहार साधा होता. चैत्रात ही ठिपक्याठिपक्यांची कवडी खुडूक बसली. शेजारच्या लीलाबाईकडे अंडी होती, पण उबवायला कोंबडी नव्हती. तेव्हा कोंबडी जाईबाईची, अंडी लीलाबाईची आणि पिल्लं निम्मी निम्मी, असं ठरलं. दर्यापूरपासून चार कोसांवरच्या त्या गल्लीत असल्या उसन्या मातृत्वाचा कोणी कागद करत नसे. कवडी आधी परत आली. पिल्लं जरा मोठी झाली की न्यायची होती.

जाईबाईच्या खुराड्यात कोणी कोणाला टोचायचं हे पक्कं ठरलेलं होतं, आणि ते ज्या शिस्तीत पाळलं जाई तसं त्या गावात दुसरं काहीच पाळलं जात नसे. लाली पहिली, कवडी दुसरी. लाली कवडीला टोचायची आणि कवडी खालच्या पाचजणींना. आता मात्र सगळ्यात शेवटची लंगडी, जिला आजवर टोचायला कोणी मिळालंच नव्हतं, तीसुद्धा जन्माची हौस भागवून घेत होती.

जाईबाईनं कोंबडी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. ठिपके तेच वाटले. पण ठिपके काय कोणी मोजून ठेवले होते?

"हे आपली नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

बुधाजी खाटेवर बसून शेंगा फोडत होते. "काहून? नाव लिहेल नाही म्हनून?"

"माणूस खोटं बोलते. कोंबडी नाही बोलत."

हेच वाक्य तिनं मग दारात उभं राहून, लीलाबाईच्या घराकडे तोंड करून, तीनदा म्हटलं. चौथ्यांदा त्यात 'चोट्टी' हा शब्द आला. लीलाबाई बाहेर आली आणि तुझ्या कोंबडीचं मी काय लोणचं घातलं का, असं विचारू लागली. अकरा बाया जमल्या.

बुधाजींनी एकदा अचलपूरच्या कोर्टात साक्ष दिली होती आणि तेव्हापासून कायदा आपल्याला कळतो असं त्यांना वाटे. त्यांनी तोडगा काढला. कोंबडी लीलाबाईच्या खुराड्यात सोडायची. तिथल्या कोंबड्यांनी घेतली, तर ती लीलाबाईची आणि अदलाबदल सिद्ध. सगळ्यांना पटलं. कोंबडी सोडली. लीलाबाईच्या कोंबड्यांनी तिला जास्तच झोडपलं.

म्हणजे इकडच्या म्हणतात आमची नाही आणि तिकडच्याही म्हणतात आमची नाही. कायदा इथं संपला. बुधाजी जेवायचं राहिलं म्हणून घरी गेले.

पंधरा दिवस दोघी बोलल्या नाहीत. दिवस नेमके कुरडयांचे. गल्लीभराच्या कुरडया लीलाबाईच्या अंगणात पडत आणि जाईबाई भिंतीपलीकडून चिकाचा वास घेत. वीस वर्षांचा शेजार एका कोंबडीवरून जातो की काय, ही धाकधूक तिला होती. पण आधी बोलणार कोण?

अशात जनावरांच्या दवाखान्यातला धम्मदीप लस टोचायला आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, कोंबडी महिनाभर बाहेर राह्यली की तिचा नंबर खारीज होते. वापस आली की नवीन भरती. चार दिवस डाल्याखाली झाकून खुराड्यातच ठेवा. बाकीच्याइले दिसली पाह्यजे, पन टोचता नाही आलं पाह्यजे."

"मंग लीलाबाईच्या कोंबड्या काहून टोचत होत्या?"

"तिथं ते पिल्लं घेऊन अलग राहे. त्याइनं तिले पाह्यलं कुठं?"

सगळं चपखल बसलं. शास्त्राला कुठं फट राहिली नाही. पाचव्या दिवशी डालं उचललं, दोन बारक्या झटापटी झाल्या आणि सहाव्या दिवशी कवडीनं खुद्द लालीला लोळवून पहिला नंबर घेतला. कवडीत एवढी धमक कधीच नव्हती. पण बाहेर राहून आलेलं कोणी जरा चढतंच, अशी जाईबाईनं मनाची समजूत घातली.

मग ती लीलाबाईच्या अंगणात गेली. अकराही बाया कुरडया घालत होत्या. "माहं चुकलं, लीलाबाई," ती म्हणाली. "कोंबड्याइचं ऐकून मी तुले चोट्टी म्हटलं."

लीलाबाईचे डोळे भरून आले. बाया गेल्यावर तिनं जाईबाईला आत नेलं आणि चहा दिला.

"जाई, तुही कवडी मुंगसानं नेली वो. हे मी दर्यापूरच्या बाजारातून आनली."

जाईबाईनं कप खाली ठेवला. पंधरा दिवस अख्ख्या गल्लीत ती एकटी खरं बोलत होती, आणि आत्ताच त्याबद्दल तिनं अकरा बायांसमोर माफी मागितली होती.

"आधी काहून नाही सांगतलं?"

"सांगनारच होती. तू दारात येऊन बोंबलली. मंग कसं सांगू?"

लीलाबाई म्हणाली, माझ्यातली आवडेल ती कोंबडी ने. पण घरी पहिल्या नंबरची बसली होती; जुनी कवडी, खरं सांगायचं तर, बेताचीच होती. जाईबाईला कोंबडी नको होती.

"माही माफी वापस दे."

"ते आता कशी देऊ?"

"जशी घेतली तशी. त्याच बायाइसमोर."

लीलाबाईनं आधी मुंगसाचं नाव काढणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. जाईबाईनं ती घेतली.

दुसऱ्या दिवशी चीक शिजून तयार होता. लीलाबाई उभी राहिली. "जाई, मीच चुकली. मले माफ कर." काय चुकली, ते बोलली नाही.

अकरा जणींचे हात थांबले. मग त्यांतल्या शालूनं पदरानं डोळे पुसले. "पाहा वो बाया. चूक जाईबाईची, आन माफी लीलाबाई मांगून राह्यली. याले म्हनते मन."

बाकीच्या दहाजणींनी माना हलवल्या. जाईबाईनं निदान लीलाबाईच्या पाया तरी पडावं, असं एकीनं सुचवलं.

जाईबाईला शपथ होती. तिनं सोऱ्यात चीक भरला आणि जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते सगळं हातानं दाबलं. कुरडई अर्धी पडली आणि सोऱ्याचा दांडा तुटून तिच्या हातात आला.

सोऱ्या लीलाबाईचा होता.