ब्लॉक विचाराधीन आहे

"साहेब, इंजिनच्या ब्लॉकला तडा गेलाय. भरून देऊ की नवा टाकू?"

गॅरेजच्या मिस्त्रीने फोनवर एवढंच विचारलं आणि दप्तरदारांच्या तोंडचं पाणी पळालं. चौतीस वर्षं रेकॉर्ड खात्यात काढल्यामुळे सगळे त्यांना दप्तरदार म्हणत. तिथे त्यांनी हजारो फायली या टेबलावरून त्या टेबलावर सन्मानाने पाठवल्या, पण एकीवरही स्वतःच्या हाताने 'मंजूर' लिहिलं नाही. गाडी तापल्याचा काटा दोन महिने लाल रेघेवर टेकत होता, तेव्हाही ते 'पुढे पाहू' म्हणत पुढेच गेले होते.

"अहो, रविवारी ताई येतेय," बायको म्हणाली. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. स्टेशनवरून काय पाठुंगळीला मारून आणणार आहात?"

"ठरवतो ना."

"तुम्ही? तीस वर्षांत या घरात तुम्ही ठरवलेली एक गोष्ट दाखवा. मला पसंतसुद्धा सासूबाईंनी केलं!"

हे मात्र दप्तरदारांना लागलं. ब्लॉकचं आपणच ठरवायचं, आणि शनिवारपर्यंत ठरवायचं, असा त्यांनी पण केला. पण खात्याचा शिरस्ता अंगात मुरलेला. मूळ प्रत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेरा मारायचा नाही.

"मिस्त्री, ब्लॉक घरी पाठवा."

"घरी? साहेब, लोखंडाचं धूड आहे ते! फोटो पाठवतो की."

"नक्कल चालत नाही."

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी धापा टाकत ते धूड जिन्यावरून वर आणलं आणि हॉलच्या मधोमध आदळलं. खाली कुठेतरी कट् असं वाजलं, पण त्या गडबडीत कुणाचं लक्ष गेलं नाही. बायकोने कपाळाला हात लावला.

"हे काय आहे?"

"विचाराधीन प्रकरण," दप्तरदार म्हणाले आणि त्यांनी एक नवी वही उघडली. प्रत्येकाने त्यात आपला शेरा लिहायचा होता.

संध्याकाळी बायकोचा अंगठा त्या प्रकरणावर सडकून आपटला. ती लंगडत स्वयंपाकघरात गेली, दार लावून कुणाशी तरी दोन मिनिटं फोनवर बोलली आणि बाहेर येऊन तिने शांतपणे वहीत लिहिलं, 'बदला.' त्यानंतर तिने त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. उलट ब्लॉकवर क्रोशाचा रुमाल घातला. दप्तरदारांना ते जरा विचित्र वाटलं, पण त्यांनी त्याचीही नोंद घेतली.

दप्तरदारांच्या आईंनी लिहिलं, 'जुनं तेच टिकतं. मला बदललंत का?' आणि ब्लॉकमध्ये ज्या चार गोल पोकळ्या होत्या, त्यातल्या एकीत आपली काठी उभी केली. दुसरीत छत्र्या आल्या, तिसरीत लाटणं. घरात कधी नव्हे ती एकेक वस्तू जागच्या जागी सापडू लागली.

गुरुवारी खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बोलावले गेले. तड्यांवर त्यांच्याइतका अधिकार गल्लीत कुणाचा नव्हता. गुडघे टेकून त्यांनी छोटा आरसा आत घातला.

"थंड पाणी लागलं की त्रास होतो?"

"कुणाला? मला?"

"याला हो! मुळं भक्कम आहेत. भरता येईल. काढायची घाई करू नका, आपलं ते आपलं."

एक 'बदला', एक 'जुनं', एक 'भरा'. शुक्रवारभर दप्तरदार ब्लॉकभोवती फिरत राहिले. भिजत घोंगडं काही वाळेना. त्यांना जेवण जाईना, झोप लागेना. शनिवारी सकाळी मात्र ते ताडकन उठून उभे राहिले.

"भरायचा!" ते गरजले. आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. लगेच त्यांनी मिस्त्रीला फोन केला. "माणसं घेऊन या. माझा निर्णय झालाय!"

तासाभरात मिस्त्री आला. दप्तरदारांनी गॅलरीतून पाहिलं, तर तो आणि त्याची तीन माणसं त्यांच्याच गाडीतून उतरत होती. गाडी चांगली गुरगुरत होती.

"ही चालतेय कशी?"

"नवा ब्लॉक टाकला ना साहेब! वहिनींनी सोमवारीच फोन केला होता. आम्ही आलोय ते जुनं भंगार न्यायला."

दप्तरदार मटकन खाली बसले. त्यांना खरंच रडू येईल असं वाटलं.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"इतके रंगला होतात हो," बायको खाली मान घालून म्हणाली. "म्हटलं, तुमचं होऊ दे."

चौघांनी काठी, छत्र्या, लाटणं बाजूला काढलं आणि जोर लावून ब्लॉक उचलला. खालच्या फरशीच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या.

"अगं बाई! उद्या ताई येणार, आणि हे काय!"

"साहेब," हातात ब्लॉक तोलत मिस्त्रीने विचारलं, "फरशी भरून घ्यायची की नवी टाकायची?"

दप्तरदारांनी वहीकडे पाहिलं नाही. आईंना विचारलं नाही, डॉक्टरांना हाक मारली नाही.

"ठेवा तो पुन्हा तिथंच!"

ब्लॉक खाली बसला. फरशीचा एक टवकाही दिसेना. आईंनी काठी जागेवर उभी केली. बायको नवऱ्याकडे बघतच राहिली. मग तिने क्रोशाचा रुमाल पसरला, कोपऱ्यातली वही उघडून त्यांच्यापुढे धरली आणि हातात पेन दिलं.

दप्तरदारांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, 'मंजूर.'