दिगंबररावांचं दहावं नाटक

हट्टा गावात दिगंबररावांच्या गिरणीवर दळण टाकलं की पीठ बारीक येणार की भरडं, ते त्यांच्या नाटकातल्या भांडणावर ठरायचं. गिरणीच्या घरघरीत ते नवरा-बायको दोघांचे आवाज काढून भांडत. बायको वरचढ झाली की यांचा चाकावरचा हात ढिला पडे आणि ज्वारीच्या कण्या निघत. बाया म्हणत, "दिगूभाऊ, आज तिला जरा लवकर गप करा. पाहुणे येऊन राहिलेत." ते म्हणत, "आधी वाक्य बसलं पायजे."

मी शाळेत गणित शिकवतो आणि जत्रेच्या नाटकात पडद्याआडून वाक्यं सांगतो. त्यामुळे आकडे खात्रीचे आहेत. त्यांची नाटकं नऊ. पहिलं सोडलं तर आठही नाटकांत बायको पहिल्या अंकात घर सोडते आणि तिसऱ्यात आपणहून परत येते. आल्यावर ती दोन-दोन पानं बोलते. नवरा एक शब्द बोलत नाही. तांब्याभर पाणी देतो, पडदा पडतो. नांदेडहून आणलेल्या नटीने एकदा विचारलं, "यानं काहीतरी म्हणाया पायजे की." दिगंबरराव म्हणाले, "त्याला सुचत न्हाई."

आता पहिल्याचं सांगतो. तेव्हा नटी आणायची ऐपत नव्हती; गावच्या सुताराने बायकोचं काम केलं. दिगंबररावांनी घरातलं भांडण जसंच्या तसं लिहिलं होतं, बायकोच्या, म्हणजे कमलवहिनींच्या, वाक्यांसकट. सुताराला नेसवलेलं हिरवं लुगडंही वहिनींचंच, पेटीतून न विचारता काढलेलं. वहिनी बायांत बसल्या होत्या. "माझ्यापरीस त्या वहीशीच लगीन लावायचं होतं," या वाक्याला गाव एवढं हसलं की पुढचं वाक्य मला दोनदा सांगावं लागलं. मीही हसलो होतो. सकाळच्या पहिल्या एसटीने वहिनी तीन वर्षांच्या लेकीला घेऊन वसमतला माहेरी गेल्या.

आमच्याकडे रुसून गेलेल्या बायकोला आणायला नवऱ्याने जायचं असतं, सोबत एखादा जाणता माणूस घेऊन. दिगंबरराव गेले नाहीत. दरवर्षी नवं नाटक लिहीत, त्याच्या जाहिरातीचे कागद वसमतला वाटायला पाठवत आणि पडदा उघडण्याआधी फटीतून बघत राहत. "गर्दी बघून राहिलो," म्हणत. पुरुषांच्या बाजूची गर्दी मात्र त्यांनी कधी बघितली नाही.

नवव्या नाटकानंतर एकदा मला म्हणाले, "गुरुजी, वसमतला चला. तुमी मागं उभं ऱ्हा. अडलं तर सांगा."

वहिनींनी ओसरीवर पाणी आणून दिलं. दारातून अकरा वर्षांच्या पोरीने विचारलं, "आई, कोण हायत हे?" वहिनी दिगंबररावांना म्हणाल्या, "काहून आलात?"

ते तांब्याकडे बघत राहिले. मी सवयीने मागून हळू म्हणालो, "चुकलं माझं. घरी चल."

त्यांनी ऐकलं. वहिनींनीही ऐकलं. "गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुमचं काय चुकलं? तुमी कशाला म्हणून राहिलात?"

आम्ही दुपारच्या गाडीने परत आलो.

पुढचे दोन महिने साऱ्या गावाला एकसारखं बारीक पीठ मिळालं. गिरणीवर आता एकच आवाज ऐकू येई. मग त्यांनी दहाव्या नाटकाची वही मला वाचायला दिली. तिसऱ्या अंकात नवरा सात पानं बोलतो. लुगड्याचं कबूल करतो, गाव हसलं त्याचं कबूल करतो. त्याच्या प्रत्येक वाक्याखाली बायकोचं नाव आणि पुढे कोरी ओळ. मी मोजल्या. एकतीस.

"हिची वाक्यं राहिली की," मी म्हणालो.

"ती आपून लिहायची न्हाईत, गुरुजी."

वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधून त्यांनी ती कंडक्टरच्या हाती वसमतला पाठवली. त्याला दोन वर्षं झाली. दोन जत्रा नाटकाविना गेल्या. लोक विचारतात, "दिगूभाऊ, औंदा नाटक हाय का न्हाई?"

"हाय की. तिचा भाग तेवढा यायचाय."

वसमतची गाडी यायच्या वेळेला ते गिरणी बंद ठेवतात, हॉर्न ऐकू यावा म्हणून. बाया दळणाचे डबे घेऊन थांबतात. कोणी कुरकुर करत नाही.