न गळणारं बूच

कुमिसच्या, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, पोलादी कॅनचं बूच गळतं, एवढंच बुरुल नवऱ्याला म्हणाली होती. बाजारात रबरी बुचं ढिगाने मिळतात. पण कोचकोरच्या ट्रॅक्टर-दुरुस्ती कारखान्यातला पट्टीचा टर्नर इमानकुल याच्या घरात विकतचं बूच यायचं, म्हणजे खाटकाने शेजाऱ्याकडे मांस मागायचं.

शिवाय विकतच्या दुधाचं बुरुलने विरजलेलं ते कुमिस न्यायचं होतं व्याह्यांकडे, सूसामीरच्या कुरणावर. ओरोझाली व्याही पिढीजात घोडेवाले. मुलाच्या लग्नात त्यांनी सर्वांदेखत विचारलं होतं, "घोडे किती?" इमानकुल म्हणाला, घोडे नाहीत, लेथ आहे. व्याही "असं होय" म्हणून मांसाच्या ताटाकडे वळले. ते "असं होय" इमानकुलच्या जिव्हारी लागलं होतं. आता व्याह्यांनी चारचौघांत आपलं नाव काढलंच पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं.

बुचाला स्क्रूसारखे आटे पाडायची सगळी करामत लेथवरच्या कापायच्या टूलच्या टोकात असते. ग्राइंडरच्या दगडावर घासून ते बरोबर साठ अंशांचं करायचं. एक बाजू जास्त घासली गेली की आटे कलतात. खाली मोकळीक कमी ठेवली की टूल कापायचं सोडून नुसतं घासत बसतं. बाकीचे टर्नर घडीघडी मापाची पत्री लावून बघत. इमानकुल डोळ्यांच्या अंदाजाने घासायचा आणि अखेरीस एकदाच पत्री लावून उजेडासमोर धरायचा. याही वेळी फटीतून तसूभरही उजेड आला नाही. (हे त्याने चौघांना बोलावून दाखवलं. चौघांना जेवायला जायचं होतं.)

पितळेचं बूच झालं. कॅनमध्ये पाणी भरून त्याने तो उलटा टांगला. खालचा कागद कोरडा.

"आता यातून हवासुद्धा जाणार नाही," तो म्हणाला.

"तीच तर भीती आहे," बुरुल म्हणाली. "अहो, घोडीचं दूध आंबणार त्यात. फुगणार ते. त्याला श्वास नको?"

"गळत होतं तेव्हा गळतं म्हणून कटकट. आता गळत नाही म्हणून कटकट."

घाट चढताना ऊन मी म्हणत होतं आणि जीप कॅनला घुसळत होती. कुरणावर पोचेपर्यंत कॅनला चांगलं पोट सुटलं. बुरुलने नवऱ्याची बाही ओढली. पण तो भर तंबूत, व्याह्यांच्या पुढ्यात कॅन ठेवून साठ अंशांवर बोलू लागला होता. मग बूच उघडायला गेला, तर ते तसूभर फिरेना. याचाही त्याला आनंदच झाला. व्याह्यांनी कॅनला कान लावला.

"आत कुणीतरी कुरकुरतंय," ते म्हणाले आणि मागे सरले.

तेवढ्यात तळ फाटला. कॅन उडून तंबूच्या छताला लागला आणि कुमिस व्याह्यांच्या पांढऱ्या टोपीपासून कोपऱ्यातल्या त्यांच्या म्हाताऱ्या आईपर्यंत सगळ्यांना पोचलं.

इमानकुलने तोंडसुद्धा पुसलं नाही. आधी कॅन उचलला. बूच जागच्या जागी होतं, आट्यांतून थेंबही आला नव्हता. त्याची छाती फुगली.

"व्याही, बघा. तळ गेला, पण बूच हललं नाही."

व्याही मिशा चाटत होते. त्यांनी पुन्हा एकदा चाटल्या. कोपऱ्यात म्हातारी बाही चोखत होती, ती थांबून म्हणाली, "पोलाद फाडलंन् की रे या कुमिसने."

व्याही ताडकन उठले ते तंबूबाहेर. आसपासच्या सगळ्या तंबूंना ऐकू जाईल अशी हाळी घातली, की या, आमच्या विहीणबाईंचं कुमिस बघा, पोलादाला दाद देत नाही. माणसं धावली. बुरुलला वरच्या जागी बसवलं. बायका तिला विरजणाचं विचारू लागल्या.

दाराशी फाटका कॅन घेऊन निथळत उभ्या असलेल्या माणसाकडे कुणीतरी बोट दाखवलं. हे कोण?

व्याह्यांनी क्षणभर आठवून पाहिलं.

"ते होय? विहीणबाईंचे यजमान. डबा धरायला आलेत."