थकलेले सेल आणि खैरनार आप्पा

"थकलंय का कोणी? ऊन द्यायला नेतो."

दर शनिवारी सकाळी खैरनार आप्पा हे वाक्य म्हणतच आमच्या घरात शिरत. आम्हाला सवय होती. येवल्याहून पहिल्यांदाच आलेले माझे सासरे मात्र खाटेवर आडवे झाले होते, ते ताडकन उठून बसले आणि "मी ठणठणीत आहे" म्हणाले.

आप्पा सेलांबद्दल विचारत होते. टॉर्चचे, ट्रान्झिस्टरचे, ते मोठे गोल सेल. सातपूरच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी. त्या दिवशी आप्पा कॉलनीतल्या अकरा घरांचे थकलेले सेल पिशवीत गोळा करत, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी चिकटवत, गच्चीतल्या पत्र्यावर उन्हात मांडत आणि संध्याकाळी घरोघर परत नेऊन देत. उन्हाने सेलात थोडी धुगधुगी येते हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण आप्पांनी त्याचं शास्त्र केलं होतं. टॉर्चमध्ये मंदावलेला सेल ट्रान्झिस्टरला लावायचा. तिथे दमला की भिंतीवरच्या घड्याळात. "घड्याळ म्हणजे पेन्शन," ते म्हणत. "ताण नाही, पण रोजचं काम आहे."

त्यांच्या खिशात वायर जोडलेला एक छोटा बल्ब असे. तो सेलाला लावायचा, डोळे बारीक करायचे, आणि आतली तार जराशी लाल झाली की चेहरा असा फुलायचा की बघत राहावं. "आजून जीव शे." माणूस मूळचा सटाण्याचा. तीस वर्षं शहरात काढून बाकीची बोली गेली, 'आहे'ऐवजीचा तो 'शे' तेवढा राहिला.

गंमत म्हणजे हे गृहस्थ कारखान्यात भंगार खात्यात होते. तिथे कागदावर प्रत्येक वस्तूचं आयुष्य ठरलेलं. दरसाल घसारा लावायचा, किंमत शून्यावर आली की आप्पांनी सही करायची आणि वस्तू भंगारात. पण आप्पा म्हणत, आधी बटण दाबून दाखवा. मशीन घरघरलं की सही नाही. साहेब चिडले, प्रमोशन हुकलं, तरी हे आपले तेच. "कागद काही म्हणू दे साहेब, जित्याला मेलेलं म्हणणार नाही." सेलांच्या बाबतीतही त्यांचा निकाल कधी खोटा निघाला नाही. भिडेखातरसुद्धा नाही.

आणि तो एक शनिवार तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. कसोटीचा शेवटचा दिवस. जिंकायला अकरा धावा, हातात दोन विकेट, कॉलनीत वीज गेलेली आणि तीसेक माणसं माझ्या ओट्यावर ट्रान्झिस्टरभोवती. समालोचकाचा आवाज बारीक होत होत गपच झाला. दुकानं दुपारची बंद. शेजारचे पाटील माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच बाद झालो होतो. तेवढ्यात आप्पा धावत आले. पिशवीत घड्याळातूनही निवृत्त झालेले सेल. जुन्या कॅलेंडरची नळी करून त्यांनी नऊ सेल एकापाठोपाठ आत सरकवले, दोन्ही टोकांना वायरी लावल्या. एक टोक मी दाबून धरलं, दुसरं पुन्हा मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांनी. आधी खरखर, मग चक्क आवाज! अकरा धावा होईपर्यंत आम्ही जावई-सासरे श्वास रोखून उभे. जिंकल्यावर पोरांनी आप्पांना उचलून अख्ख्या कॉलनीत फिरवलं, आणि ते वरून सांगत होते, "नऊच्या नऊमध्ये जीव शे!"

पुढे घरोघर एलिमिनेटर आले. ट्रान्झिस्टरची वायर थेट भिंतीत. टीव्ही आले, घड्याळांना बोटाएवढे सेल आले. आप्पांच्या पिशवीत आठ सेल, मग चार, मग एक. त्याच सुमारास ते रिटायर झाले. "कागदावर मीपण शून्य झालो," असं मला हसत म्हणाले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. खैरनार काकू जाऊन बारा वर्षं झाली होती, मुलगी लांब परराज्यात. कामाशिवाय कुणाच्या घरी जाऊन बसणं आप्पांच्या स्वभावातच नव्हतं. अकरा घरांत शिरायची, दोन शब्द बोलायची वाट त्या सेलांतून जात होती, आणि ती आम्ही बंद केली होती. मला स्वतःची लाज वाटली.

युक्ती माझ्या बायकोची. सुमनने एक नवा कोरा सेल आणला, धुण्याच्या दगडावर घासून त्याचा रंग उडवला, वर राख चोळली आणि शनिवारी सकाळी स्वतः जाऊन सांगून आली, "आप्पा, आमचा एक सेल फार थकलाय हो."

आप्पा आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशातून बल्ब काढला, तेव्हा आठवलं, बल्बाचं तर आम्ही दोघंही विसरलो होतो. त्यांनी वायर टेकवली आणि बल्ब लख्ख पेटला.

आम्ही जमिनीकडे बघत राहिलो. आप्पांनी सेल फिरवून ताजे ओरखडे पाहिले, मग सुमनच्या नखांतली राख पाहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "हा अगदीच संपत आलाय. दर शनिवारी येऊन बघावं लागेल."

बोलताना बल्ब त्यांच्या हातात तसाच जळत होता.