आप्पांच्या हंडीतली पट्टी

आमच्या कॉलेजातले प्रयोगशाळा सहायक आप्पा जाधव यांनी संस्थेच्या अध्यक्षांना दारातच अडवलं होतं. कारण एकच: अध्यक्षांनी डोक्याला तेल चोपडलं होतं.

"टावेल गुंडाळा, मग या. आवं, त्येलाचं बोट लागलं की थर सोलतो."

अध्यक्ष आल्या पावली परत गेले. तो राग त्यांनी वर्षभर जपला.

आप्पा सैन्यात वायरलेस दुरुस्त करायचे. इथं ते काचेच्या हंडीतली हवा पंपानं उपसायचे, आत किंचित ऑक्सिजन सोडायचे आणि जस्तावर विजेचा मारा करून केसाइतक्या पातळ पट्टीवर त्याच्या ऑक्साइडचा थर बसवायचे. थर नीट बसला तर वीज दिल्यावर तो आखडतो, पसरतो आणि पट्टी वाकते. तेही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल इतकंच. "मुंगीएवढ्या यंत्राचा हात हाय ह्यो," आप्पा म्हणायचे. मी तिथला विद्यार्थी. एकदा मी पट्टीला अंगठा लावला आणि तीन आठवड्यांचं काम कोंड्यासारखं झडलं. त्यानंतर ते माझे हात साबणानं धुवून घ्यायचे आणि वर वास घेऊन बघायचे.

नव्या पंपाचा अर्ज वर्षभर कपाटात कुजला. अध्यक्षांच्या पाहुण्यांसाठी सोफा मात्र सांगलीहून आठवड्यात आला. तो ठेवायचा कुठं? आप्पांच्या प्रयोगाच्या खोलीत. सोमवारी खोली रिकामी करा, असा हुकूम निघाला.

मी पत्रक लिहिलं. 'विज्ञानाच्या छाताडावर सोफा' हे शीर्षक मला आजही सौम्य वाटतं. आप्पांनी ते वाचलंसुद्धा नाही.

"पत्रक नगं रं. सोमवारी दुपारपातूर दार धर. पट्टी हलाया लागलीया. एकाला दाखवायचीया."

मी भडकलो. ज्याच्यासाठी भांडायचं, तो मागतो काय, तर अर्धा दिवस. "कुणाला दाखवताय? विद्यापीठातल्या साहेबांना?"

आप्पा पंपाकडे वळले.

सोमवारी मी उंबऱ्यात मांडी ठोकली. समोर सोफा उचलून चार हमाल. तेवढ्यात कडेगावच्या एसटीनं आप्पांच्या पत्नी हौसाबाई आल्या. "तापात कान गेलं तिचं," आप्पा पुटपुटले. "मी तवा सरहद्दीवर."

नवऱ्याचं बोलणं त्या ओठांवरून ओळखायच्या. आप्पांनी त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं आणि स्वतः त्यांच्या पाठीमागे गेले. त्यांच्या हातातल्या माइकच्या तारा पट्टीला जोडलेल्या होत्या; बोललं की पट्टी हलणार.

"हौसा," आप्पा म्हणाले.

बाई दचकून वळल्या. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि हात मागं करून खुणावलं: आणखी.

"म्हशीला कडबा घातलास काय गं? आन् पाय दुखतोय का अजून?"

बाईंचा हात पुन्हा हलला.

"आवं, किती येळ धरायचा ह्यो?" एक हमाल कुरकुरला.

"सोफा तिथंच टेकवा," मी म्हणालो, "आणि चौघंही बसा त्यावर. लय बोलायचं राहिलंय त्यांचं."