मुका फ्रिज

दाजींच्या चहात दूध फाटलं, आणि त्या फाटलेल्या दुधापायी त्यांची गाडी जवळजवळ मेव्हण्याच्या घशात गेली. (दूध फाटलं की शहाणी माणसं चहा ओतून देतात. दाजींनी फ्रिज उपटायला घेतला.)

दाजी म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर. खरं तर ते एकाच माणसाचे दाजी, बायकोच्या धाकट्या भावाचे. पण त्या भावाचा गळा असा की त्याच्या हाका ऐकून सगळी गल्ली त्यांना दाजी म्हणायला लागली. पाठीमागे हँडब्रेक म्हणायची, कारण एकदा ओढला की हलायचा नाही. आयुष्यभर लोकांचा माल वाहिल्यावर दाजींनी स्वतःचा संसार वाहायचं ठरवलं आणि एक जुनी घरगाडी घेतली. मागे पलंग, मध्ये शेगडी, घडीचं टेबल, पुढे स्टिअरिंग आणि शेगडीशेजारी एक बुटका फ्रिज. घर असूनही दाजी झोपायचे गाडीतच. अंगाखाली चाकं नसली की त्यांना झोप लागायची नाही, आणि ते घोरत नसले की बायकोला लागायची नाही, म्हणून तीही तिथेच.

तर दूध फाटलं. दाजींनी फ्रिजच्या दाराला कान लावला.

"मेला," ते म्हणाले.

"अहो, तो गॅसवर चालतो, नाहीतर विजेवर. त्याला मोटर नाही. तो कधी बोलायचाच नाही."

"जिवंत वस्तू आवाज करते."

"मग तुम्ही शंभरी गाठणार."

दाजींनी दाराला दुसरा कान लावून बघितला. बायको पुढे म्हणाली, "आणि एक गंमत बघा. आपण रस्त्यात असलो की हा छान गार असतो. घरी येऊन उभं राहिलं की रुसतो."

"तुझ्यासारखाच. बाहेर हसतमुख आणि घरी..."

"करा, वाक्य पुरं करा."

दाजींनी केलं नाही. घाटातला ड्रायव्हर. कुठे ब्रेक दाबायचा ते त्यांना कळत होतं.

पण बायकोने गिअर टाकला होता. "हे बघा, रविवारी लेकीकडे जायचंय. नातीला मी हाताने केलेलं आइसक्रीम कबूल केलंय. फ्रिज गार झाला तर गाडी आपली. नाही झाला, तर विकून मोकळं व्हायचं. माझा भाऊ घ्यायला तयार आहे."

भाऊ कधीचाच तयार होता. आला की आधी गाडीच्या टायरला लाथ मारून बघायचा, मग बहिणीला विचारायचा, बरी आहेस का. पडद्याचा रंगसुद्धा त्याने मनात ठरवून टाकला होता. (पोपटी. दाजींना पोपटी रंगाचा तिटकारा.)

"मेकॅनिक बोलवा," बायको म्हणाली.

"फ्रिज बदलायला मेकॅनिक? मी भर जंगलात गिअरबॉक्स उतरवलाय."

"आणि चढवला कोणी?"

यावर ते सुतळी शोधायला गेले. माप घ्यायला. टेपवर दाजींचा विश्वास नव्हता. टेपवर आकडे असतात आणि आकडे म्हटलं की लबाडी आली. सुतळी बिचारी आकडा बोलत नाही. त्यांनी जुन्या फ्रिजची रुंदी सुतळीवर गाठ मारून घेतली आणि दुकानात जाऊन ती नव्या फ्रिजवर ताणून धरली. ताणली की सुतळी वाढते, हे गाठीला ठाऊक होतं, दाजींना नव्हतं. दुकानदार बराच वेळ काहीतरी समजावून सांगत होता. दाजी तेव्हा फ्रिजला कान लावून उभे होते.

"काका, हा आवाज करत नाही," दुकानदार ओरडला. "तेच तर वैशिष्ट्य आहे!"

जुना काढायला मेव्हणा धावत आला. मदतीला आला की घर बघायला, ते त्याचं त्याला माहीत. दाजी आतून लोटत होते, मेव्हणा बाहेरून ओढत होता आणि फ्रिज दारात अडकून बसला होता.

"दाजी, तुमच्याकडून तिरका करा!"

"माझ्याकडून तिरकाच आहे!"

"मग सरळ करा!"

"केला!"

"आता आणखी तिरका झाला!"

आत दाजी, दारात फ्रिज. दाजींना बाहेर यायला वाट नाही आणि बायकोला आत जायला नाही. तिने खिडकीतून चहा आत दिला आणि म्हणाली, "असं थोडं आधी सुचायला हवं होतं. कितीतरी शांतता मिळाली असती."

शेवटी मेव्हण्याने फ्रिज पायांकडून धरून पार उलटा केला, डोकं खाली, पाय वर, आणि तो सुळकन बाहेर आला. तसाच उलटा त्याने हातगाडीवर टाकला.

"दाजी, हा फेकू नका हं. मला द्या. बूट ठेवायला होईल."

"घेऊन जा ते मढं," दाजी म्हणाले.

नवा फ्रिज बसला. म्हणजे बसवला. तो बोटभर जास्त रुंद निघाला, म्हणून दाजींनी शेजारचं लाकूड तासलं, खांदा लावला आणि आत कोंबला. आता त्याची मूठ चमच्यांच्या खणापुढे आली. चमचा हवा असेल तर आधी फ्रिज उघडायचा, मग खण ओढायचा, मग फ्रिज लावायचा.

"चमचे गार राहतील," दाजी म्हणाले.

बायकोने फ्रिजच्या वरच्या कप्प्यात वाटीभर पाणी ठेवलं. "याचा बर्फ झाला की मी मानलं."

सकाळी दाजींनी वाटीत बोट बुडवलं. पाणी. दुसऱ्या सकाळी बुडवलं. पाणीच, आणि तेही कोमट. फ्रिज नवा, गॅस भरलेला, आत ज्योत निळी, आणि वाटीत बोटाला आंघोळ. त्यांना डोळ्यांपुढे पोपटी पडदे दिसायला लागले.

शनिवारी सकाळी मेव्हणा आला. एका हातात पडदे मोजायची टेप, दुसऱ्या हातात सरबताचा ग्लास. ग्लासात काहीतरी किणकिणत होतं.

"बर्फ कुठला रे?" दाजींनी विचारलं.

"तुमचाच, दाजी. त्या मढ्याचा."

"काय?"

"अहो, व्हरांड्यात सरळ उभा केला, त्यात बूट ठेवले. आतला दिवा लागतो का बघावं म्हणून विजेची वायर लावली आणि विसरलो. सकाळी बूट पायात घातले आणि अशी किंकाळी फोडली की शेजारी काठी घेऊन आले. बुटांचे दगड झाले होते, दाजी! तेव्हापासून बूट बाहेर आणि सरबत आत."

जो मेला म्हणून पुरला, तो मेव्हण्याच्या घरी बर्फ पाडत होता, आणि जो जिवंत म्हणून आणला, तो पाणी राखत बसला होता.

"ताई, मग मोजू का खिडक्या?" मेव्हण्याने टेप ओढली.

पण ताई फ्रिजपुढे वाकून वाटीकडे बघत होती. वाटीतलं पाणी एका बाजूला काठाला लागलं होतं आणि दुसऱ्या बाजूला दोन बोटं खाली होतं.

"अहो, पाणी वाकडं आहे."

"पाणी कधी वाकडं नसतं."

"मग गाडी वाकडी आहे."

गाडी वाकडी होती हे तर सगळ्यांना माहीत होतं. दाजी ती कायम घराशेजारच्या उतारावरच लावायचे. बॅटरी म्हातारी, किल्लीने गाडी सुरू व्हायची नाही. मग चाकाखालचा दगड काढायचा, गाडी उतारावरून घरंगळू द्यायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. गाडी सुरू. "ज्याला बॅटरी लागते तो ड्रायव्हर कसला?" असं दाजी म्हणायचे.

"तरीच," बायको एकेक करून आठवायला लागली. "तरीच माझ्या तव्यात तेल एका बाजूला. तरीच कांदा ठेवला की पुढे पळतो. आणि तरीच तुम्ही रोज रात्री घरंगळत माझ्या अंगावर येता! मला आपलं वाटायचं, प्रेम आहे."

मेव्हणा सरबतात ठसकला.

दाजींनी दुकानदाराला फोन लावला.

"काका, गाडी सपाटीवर उभी आहे ना?" दुकानदार म्हणाला. "मोटर नसते ना याला, आतला द्रव आपोआप वाहावा लागतो. गाडी चालताना हलून हलून वाहतो, पण उतारावर उभी राहिली की तुंबून बसतो. हे मी तुम्हाला तिथेच सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही फ्रिजला कान लावला होता तेव्हा."

दाजींनी दगड काढला. गाडी मुकाट घरंगळत खाली फाटकापाशी, तळहातासारख्या सपाट जागेवर जाऊन थांबली. रविवारी सकाळी दाजींनी वाटीत बोट घातलं. बोट आपटलं! बर्फ! आइसक्रीमसुद्धा असं घट्ट की डबा उलटा धरला तरी हलेना. दाजींनी ती वाटी बायकोच्या नाकाखाली धरली, मेव्हण्याच्या नाकाखाली धरली आणि फाटकावरून जाणाऱ्या दूधवाल्यालाही दाखवली.

"मानलं," बायको म्हणाली. "गाडी आपली." मग हळूच, "काल रात्री अंगावर आला नाहीत."

"सपाट होतं ना."

"हं. म्हणजे उतारच होता तो."

हे काही दाजींना लागलं नाही, ते खुशीत होते. ते ऐटीत सीटवर बसले, बायको मांडीवर डबा घेऊन शेजारी बसली, आणि दाजींनी किल्ली फिरवली.

खट्.

पुन्हा फिरवली. या वेळी खट्‌सुद्धा नाही.

मेव्हण्याने ढकललं, शेजाऱ्यांनी ढकललं, दूधवाल्याने किटल्या ठेवून ढकललं. सपाटीवर ते धूड चार पावलं जायचं आणि उसासा टाकून थांबायचं. उतारावर फ्रिज बंद. सपाटीवर गाडी बंद.

"लेकीलाच बोलव," दाजी म्हणाले.

लेक आली, जावई आला, नात आली. सगळे दाटीवाटीने गाडीत बसले. नातीने आइसक्रीम बघितलं आणि विचारलं, "आजोबा, चमचा?" दाजींनी फ्रिज उघडला, खण ओढला, फ्रिज लावला. सहा माणसं, सहा वेळा. त्यांना एकदम सहा चमचे काढायचं सुचलं नाही.

मेव्हण्याने वाटी चाटून टेप खिशात घातली. "ताई, गाडीचं राहू दे. न हलणारी गाडी घेऊन मी काय करू? तेवढी खोली माझ्याकडेही आहे."

दाजींच्या छातीवरचा दगड उतरला. इतके दिवस ते ज्यासाठी झगडले, ते त्यांच्या मेलेल्या बॅटरीने बसल्या जागी करून दाखवलं होतं.

"उद्याच्या उद्या नवीन बॅटरी आणा," बायको म्हणाली.

"आणतो," दाजी म्हणाले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ते वाद न घालता हो म्हणाले. लेकीने चमकून आईकडे बघितलं.

तेवढ्यात मेव्हणा म्हणाला, "दाजी, जुनी बॅटरी फेकू नका हं. मला द्या."

दाजींनी चमचा खाली ठेवला. बॅटरीच्या खोक्याकडे बघितलं. मेव्हण्याकडे बघितलं.

हँडब्रेक ओढला गेला. बॅटरी आजतागायत तीच आहे. गाडी सपाटीवर असते, फ्रिजात बर्फ होतो, आणि कुठे जायचं झालं की दाजी स्टिअरिंगवर बसतात आणि मेव्हणा मागून चार-चार पावलं ढकलत नेतो. गल्लीच्या टोकाला उतार लागेपर्यंत.